रोवणी शिकायला समुद्रापार

खोटं बोलायचं असेल तर माणसानं तोंडानं बोलावं, कागदावर लिहू नये. तोंडचं खोटं वाऱ्यावर जातं. कागदावरचं खोटं पोस्टानं फिरतं आणि एक दिवस आपल्याच दारात येऊन उभं राहतं. हे शहाणपण मला बाविसाव्या वर्षी आलं, आणि त्याला कारण झाला एक छापील फॉर्म.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी नागपूरला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. फिलिपाइन्समधल्या एका विद्यापीठात भातावरचं पुढचं शिक्षण, दोन वर्षं, खर्च सगळा त्यांचा, अशी सूचना कॉलेजच्या फळ्यावर लागली. मी फॉर्म आणला. त्यात एक प्रश्न होता : तुम्ही स्वतःच्या हातानं भाताची रोवणी केली आहे काय, आणि किती वर्षं? मी बिनधास्त लिहून टाकलं, 'लहानपणापासून.'

आता खरं काय ते सांगतो. मी भंडारा जिल्ह्यातला. आमचं गाव तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या अलीकडे. जिकडे पाहावं तिकडे धान. तेव्हा जन्मल्यापासून दर पावसाळ्यात मी रोवणी पाहिली हे खरंच आहे. पण पाहिली ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून. आमच्याकडे पुरुष नांगर धरतो, चिखल करतो, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटून त्यांच्या जुड्या बांधीत, म्हणजे बांधांमधल्या चिखलाच्या वाफ्यात, फेकतो, आणि मग धुऱ्यावर बसून बिडी पेटवतो. कमरेत वाकून रोवायचं काम बायांचं. पुरुषानं रोवलं तर त्याला कोणी मारत नाही, पण त्याचं नाव पडतं आणि ते नातवापर्यंत पुरतं.

त्यात माझ्या मायनं मला बांधीत पाऊलही टाकू दिलं नव्हतं. बाप मी तीन वर्षांचा असताना गेला. घरची दीड एकर आणि बाकी सगळी लोकांच्या बांध्यांतली रोवणी, यावर तिनं मला शिकवलं. तिचं एकच म्हणणं असायचं, "चिखलात मी आहो ना. तू कोरडा राह्य." मी कोरडा राहिलो. पुस्तकातली रोवणीवरची चार पानं मला तोंडपाठ होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला उंटही नव्हता.

आणि माझी निवड झाली. गावात हार घातले गेले. ज्यांनी कधी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांनी चहाला बोलावलं. मी तिकडे नेमकं काय शिकणार हे कोणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. माय हातपंपावर बायांना सांगायची, "खुर्चीवरचं शिक्षण आहे माह्या पोराचं. पंख्याखाली बसून कराचं." मी ते ऐकायचो आणि गप्प बसायचो. तिथंच माझं चुकलं.

जायला तीन आठवडे उरले असताना विद्यापीठाचं जाडजूड पाकीट आलं. आमच्या गावात पत्रं शाळेत यायची, आणि आलेलं पत्र ही सगळ्या गावाची मालमत्ता असायची. शाळेचे हेडमास्तर, ज्यांना आम्ही नुसतं गुरुजी म्हणायचो, माझ्याशिवाय गावातले एकटे इंग्रजी जाणणारे. त्यांनी पाकीट फोडलं. बाहेर पाऊस, व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं अडकलेली. मी म्हटलं, "गुरुजी, मी वाचतो ना मनात." ते म्हणाले, "मनात वाचल्यानं उच्चार सुधारत नाहीत." आणि त्यांनी एकेक ओळ वाचून तिचा खणखणीत मराठीत अर्थ सांगायला सुरुवात केली.

येताना तीन हाफ पँटी आणाव्यात. पहिले सहा आठवडे वर्ग नाहीत, फक्त शेत. चिखल करण्यापासून रोवणीपर्यंत प्रत्येक काम विद्यार्थ्यानं स्वतः करायचं. त्यानंतर हातानं रोवणी करण्याची परीक्षा. त्यात जो नापास होईल त्याला, त्याचे पुस्तकी मार्क कितीही असोत, पुढच्या विमानानं घरी परत पाठवण्यात येईल.

मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "म्हणजे गुरुजी, हा पोट्टा तठी रोवणी शिकाले जाऊन राहिला?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मजकुरावरून तसंच दिसतं."

त्यानंतर जे हसणं झालं ते मी आजवर विसरलेलो नाही. "काहून, आपल्या बोडीच्या पाण्याखालचा चिखल कमी पडला का रे?" "विमानात बसून रोवणी शिकाले चालला, अन् आमच्या बाया पायीच जातेत." "परत येताना एक पऱ्ह्याची जुडी आणजो बावा, इम्पोर्टेड." एकानं तर आपल्या बायकोला फिलिपाइन्सला मास्तरीण म्हणून पाठवायची तयारी दाखवली. गुरुजींनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःच म्हणाले, "यालाच म्हणतात काखेत कळसा अन् गावाला वळसा."

मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. लाज वाटली. पण खरा घाबरलो तो शेवटच्या ओळीनं. सहा आठवड्यांत मला घरी परत पाठवणार होते. हार घालून गेलेला माणूस दिवाळीआधी परत येणार, तोही रोवणीत नापास होऊन, तेही धानाच्या मुलखातला. त्यापेक्षा विमान पडलेलं बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

मायला बातमी बांधीतच कळली. संध्याकाळी ती घरी आली, पाय धुतले, आणि चुलीपुढे बसून म्हणाली, "रोवणी?"

मी म्हणालो, "माय, ते शास्त्रीय पद्धतीनं..."

"रोवणी का नाही तेवढं सांग."

"हो."

"तुले चिखलातून बाहेर काढाले माही कंबर गेली. अन् तू समिंदर ओलांडून परत चिखलातच चालला?"

मी म्हटलं, "तूच शिकव ना मला. तीन हप्ते आहेत. नापास झालो तर परत धाडतील."

ती म्हणाली, "धाडू दे." आणि भाकरी माझ्याकडे अशी सरकवली की ती ताटातून खाली गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझी माय रागावली की भांडत नसे, गप्प बसत असे, आणि ते भांडणापेक्षा महाग पडत असे.

शेवटी मी काकीकडे गेलो. काकी रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. बारा बाया तिच्या हाताखाली. मी बांधीत उतरलो तेव्हा काकी म्हणाली, "आधी पदर खोच," आणि बाराही बाया कमरेत वाकलेल्या होत्या त्या आणखी वाकून हसल्या. मला ओळीच्या मधोमध उभं केलं. रोवणी करताना सगळ्या एका ओळीत वाकतात आणि रोवत रोवत मागं सरकतात. एखादी हळू असेल तर तिच्यासाठी कोणी थांबत नाही. आजूबाजूच्या दोघी मागं सरकत जातात, मग हळूच एकमेकींकडे वळून तिच्या पाठीमागंही रोवून टाकतात. ती मग मधे कोंडली जाते. चारी बाजूंना रोवलेलं धान, मधे ती. बाहेर यायचं तर धान तुडवावं लागतं, आणि धान तुडवणं हे पाप. हातातलं सगळं रोवून, काढून, परत रोवून तिनं कशीतरी सुटका करून घ्यायची.

मला पहिल्या दिवशी चार वेळा कोंडलं. चौथ्या वेळी सगळ्या जेवायला निघून गेल्या आणि मी पाऊण तास त्या हिरव्या चौकोनात बगळ्यासारखा एका पायावर उभा होतो. धुऱ्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काय साहेब, विमानाची वाट पाहून राहिले का?"

खरी फजिती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. रात्री पाऊस पडला होता. बांधीचा मालक पाहायला आला तर बाकी सगळं धान उभं, आणि मधला माझा पट्टा मात्र पाण्यावर तरंगत होता. मी रोवलेलं एकूण एक रोप मोकळं होऊन धुऱ्याला जाऊन लागलं होतं. मालकानं काकीला विचारलं, "हे कोणाच्या हातचं आहे?" काकी बिचारी काय करणार, तिनं सांगितलं. आणि दुपारपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होतं, की अमकीच्या पोराच्या हातचं धान तरंगलं.

अमकी म्हणजे माझी माय. तिच्या हातचं धान पंचक्रोशीत कधी तरंगलं नव्हतं. लोक तिला रोवणीला लांबून बोलावत. पोरगा चिखलात जातो हे तिला सोसवत नव्हतं. पण पोरगा चिखलात जाऊन असलं काम करतो, हे तर तिला मुळीच सोसवलं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला पांघरूण ओढून उठवलं आणि म्हणाली, "चाल. नाव घालवाचंच असन तर तिकडे जाऊन घालव. अठी नाही."

मग तिनं शिकवलं. तसं मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, आणि इतक्या शिव्याही कोणी दिल्या नाहीत. "पऱ्हा गाडू नोको, ठेव. गाडला का सडते, वरवर ठेवला का तरंगते."

"मग किती खोल?"

"तुले समजन तेवढा."

"माय, सेंटिमीटरमधे सांग ना."

तिनं चिखलाचा हात माझ्या पाठीत घातला. "हाताकडे पाहू नोको. मागं पाहू नोको. पायानं पाह्य." गाणं म्हटल्याशिवाय हात लयीत चालत नाही म्हणून मला बायांची गाणीही पाठ करावी लागली. सासू, नणंद, माहेर, सगळं. मी कॉलेजच्या गॅदरिंगमधे तोंड न उघडणारा माणूस, पण दोन आठवड्यांत नणंदेला इतक्या तऱ्हेनं नावं ठेवू लागलो की काकी म्हणाली, आता याले सासरी पाठवाले हरकत नाही.

रोवणी संपायचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे एक रीत आहे. धुऱ्यावर कोणी कोरडा माणूस, पायात बूट-चपला घालून आला, मग तो मालक असो का पाहुणा, बाया त्याला धरून चिखल लावतात आणि हात पुढे करतात. त्यानं काहीतरी द्यायचं. जेवण, गूळ, काहीही. मालकही मुद्दाम बूट घालून येतो. त्या दिवशी तो आला आणि मी सगळ्यांच्या पुढे धावलो. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत चिखल लावला. माय पहिल्यांदा हसली. मला वाटलं, आता मी पक्का झालो.

मी फिलिपाइन्सला पोचलो. तिथल्या शेतात पाहतो तर काय, निम्मे विद्यार्थी माझ्यासारखेच. कोणी कमिशनरचा मुलगा, कोणी प्रोफेसरचा भाचा, सगळ्यांनी फॉर्मवर 'लहानपणापासून' लिहिलेलं. पहिल्याच दिवशी तिघं चिखलात बसले. मी मात्र सहा आठवडे मजेत काढले. ते दोरी लावून रोवायला लावायचे, दोरीला वीत-वीत अंतरावर तांबड्या गाठी. मायनं ती दोरी पाहिली असती तर गुरं बांधायला घरी नेली असती. पण मी दोरीनंही रोवलं.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाला एक एक वाफा दिला. मी नणंदेचं गाणं धरलं आणि सगळ्यांच्या आधी वाफा संपवला. सरळ रांगा, एकही रोप हललेलं नाही. बाजूच्या वाफ्यांतले लोक कंबर धरून उभे होते. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मनात आलं, माय आत्ता इथं पाहिजे होती. आणि नेमका त्याच क्षणी धुऱ्यावरून विद्यापीठाचे डायरेक्टर आले. बरोबर दोन परदेशी पाहुणे. डायरेक्टरच्या पायांत काळे, पॉलिश केलेले बूट.

रोवणीचा शेवटचा दिवस. धुऱ्यावर बूट घातलेला कोरडा माणूस. माझं डोकं काय विचार करत होतं हे सांगता येणार नाही, कारण ते करतच नव्हतं. मी दोन्ही हात चिखलानं भरले, धुऱ्यावर चढलो, डायरेक्टरच्या दोन्ही पायांना बुटांपासून गुडघ्यापर्यंत चिखल थापला आणि हसत हात पुढे केला.

कोणी हसलं नाही. एका पाहुण्यानं फोटो काढला. डायरेक्टरनी रुमाल बाहेर काढला, एकदा पँटीकडे पाहिलं, आणि रुमाल तसाच खिशात ठेवून ते निघून गेले. मी मात्र बराच वेळ तसाच उभा होतो, हात पुढे करून.

दुसऱ्या दिवशी निकाल सांगण्यात आला, माझा सोडून. मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की या वर्तनाबद्दल पालकांना पत्र गेलं आहे. पालकांचा लेखी खुलासा आला की मग मला ठेवायचं की पाठवायचं ते ठरेल. तोवर शेतात पाय ठेवायचा नाही. मी रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यात पुढे डायरेक्टरचा चेहरा. मी म्हणालो, "सर, आमच्याकडे मोठ्या माणसाला लावतात." ते म्हणाले, "आमच्याकडे नाही."

पत्र जायला दोन आठवडे आणि उत्तर यायला दोन. सगळे रोज शेतात जायचे आणि मी होस्टेलच्या पंख्याखाली खुर्चीवर बसायचो. मला जेवण जाईना. पत्र शाळेत येणार, गुरुजी फोडणार, व्हरांड्यात वाचणार. मायला काय वाटेल, या विचारानं मी तिकडे एकटा रडलोही. लपवायचं काय त्यात.

गावात काय झालं ते गुरुजींनी नंतर मला सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं आणि अर्थ सांगितला, की आपल्या पाल्यानं संचालक महोदयांच्या अंगास ओली माती लावली. मायलाही बोलावून आणलं होतं. मायनं विचारलं, "बूट घालून होता का तो?"

गुरुजी म्हणाले, "पत्रात तसा उल्लेख नाही."

"धुऱ्यावर होता का?"

"मजकुरावरून तसं दिसतं."

"अन् रोवणी झाली होती?"

"झाली होती."

"मग लिवा," माय म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं. ती सांगत गेली, गुरुजी इंग्रजीत उतरवत गेले, आणि खाली तिचे शब्दही जसेच्या तसे मराठीत लिहीत गेले, कारण त्यांचा म्हणे स्वतःच्या इंग्रजीवर त्या दिवशी भरवसा नव्हता.

महिन्यानं डायरेक्टरनी मला बोलावलं. टेबलावर ते पत्र होतं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी मराठी वाचलं.

'साहेबाले नमस्कार. पोरगा माहा आहे. त्याले रोवणी मी शिकवली. रोवणी संपली का धुऱ्यावर बूट घालून आलेल्याले आम्ही चिखल लावतो. मालकाले लावतो. ज्याले मानतो त्यालेच लावतो. पण दुसऱ्याच्या गावात आधी विचाराचं असते, ते त्यानं नाही विचारलं. चूक आहे. त्याले काय शिक्षा द्याची ते द्या. परत धाडू नोका. परत आला तर मी त्याले घरात घेणार नाही म्हणून सांगितलं असतं, पण ते मले जमणार नाही.'

खाली निळ्या शाईचा अंगठा. म्हणजे अंगठ्याच्या जागी एक निळा गोल ठिपका, त्यात एकही रेघ नव्हती. बाजूला गुरुजींनी बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं : 'तीनदा घेतला. शाईचा दोष नाही. अंगठ्यावर रेघाच उरलेल्या नाहीत.'

डायरेक्टरनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. जन्म भातात घालवलेला माणूस होता तो. त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. चिखलात दिवसाला हजारो रोपं अंगठ्यानं दाबली की काय होतं, ते त्याला माहीत होतं. मला नव्हतं. बावीस वर्षं मी त्या हातचं खाल्लं होतं आणि तो अंगठा एकदाही नीट पाहिला नव्हता.

त्यांनी विचारलं, "किती वर्षं रोवणी करते तुझी आई?"

मी म्हणालो, "माहीत नाही, सर."

"लिहून विचार तिला," ते म्हणाले. "तू परीक्षेत पास आहेस. उद्या सकाळी सहाला शेतात ये."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं, तेवढंच विचारणारं. महिन्याभरानं उत्तर आलं, गुरुजींच्या अक्षरात, मायच्या शब्दांत, दोनच ओळी. 'माह्या वर्षांचं काय करतं? पास झाला का नाही ते लिव.'